मालक तेच, बाजार नवा: कारखान्यातली कारभाराची पद्धत बदलते का?

के_सेक्टर | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी वाळूज एमआयडीसीतल्या एका व्हेंडर कंपनीत प्लांट हेड आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, इथं निम्मं वाळूज वाचतं. दुचाकीच्या इंजिनचे आणि गिअरबॉक्सचे पार्ट करतो, जोडीला थोडं शीट मेटल. मालक पहिल्या पिढीचे. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना वाळूजला आला, त्यानंतर शेड टाकून लेथवर धंदा सुरू करणारी जी पिढी, त्यातले. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. रजेचा अर्ज असो, खरेदी असो, मशीनवरचे इन्सर्ट (धातू कापायची बदलती पाती) कोणत्या ब्रँडचे घ्यायचे ते असो, सही त्यांचीच लागते.

हे वाईट चाललं असं मी म्हणणार नाही. उलट फार चांगलं चाललं. गिऱ्हाईक जवळपास एकच. महिन्याचं शेड्यूल तिकडून यायचं, भाऊसाहेबांचं तिकडच्या परचेसवाल्यांशी घरोब्याचं नातं. गिऱ्हाईकाच्या मनात काय चाललंय हे फक्त त्यांना ठाऊक असायचं, त्यामुळं हुकूम त्यांनी सोडायचा आणि आम्ही माल काढायचा. डिलिव्हरी चुकली नाही, डेबिट नोट (खराब मालाच्या पैशांची कपात) क्वचित आली.

पण गेल्या काही वर्षांत बाजार सरळ चालेनासा झालाय. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ (गाड्यांच्या धुराचे कडक नियम) लागू झालं, बीएस-५ आपण उडीच मारून ओलांडलं. कार्ब्युरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं, आणि त्याच्या आठवडाभर आधी लॉकडाऊन. मग इलेक्ट्रिकची लाट. ईव्हीत ना क्लच, ना सायलेन्सर, ना आमच्यासारख्यांचे निम्मे पार्ट. त्या बाजूला वळावं म्हटलं तर जून २०२३ मध्ये फेम-२ ची (ईव्हीसाठीच्या सरकारी योजनेची) सबसिडी कापली. २०२५ च्या एप्रिलपासून चीननं ईव्हीच्या मोटरला लागणाऱ्या मॅग्नेटची निर्यात आवळली, तेव्हा मोटर नाही म्हणून गाड्या अडकल्या. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे ज्या पेट्रोलचं तेरावं घालायला आम्ही बसलो होतो, त्याच्याच मालाची मागणी. बदल एकाच दिशेनं झाला असता तर सोपं होतं. इथं वारा फिरतच असतो.

आता घरातली गोष्ट. धाकटे साहेब पुण्याहून एमबीए करून आलेत. त्यांना मोकळा कारभार हवाय: टीम करा, लोकांना निर्णय घेऊ द्या, केबिनचं दार उघडं ठेवा. भाऊसाहेब म्हणतात, दार उघडं ठेवलं तर एसी बंद करावा लागेल, बिल कमी येईल, चांगलं आहे.

मी मधे. विचारायचं हे की बाजार बदलला म्हणून वरच्या माणसाची काम करून घेण्याची रीत खरंच बदलते का? आणि बदलत असेल तर आधी कोणी बदलायचं?

---

भोकरदन_नाका | रविवार, रात्री ९:५२

धाकट्या साहेबांना महिनाभर नाइट शिफ्टला टाका. पुढची चर्चा आपोआप मिटेल.

---

सिडको_एन५ | रविवार, रात्री १०:३०

के_सेक्टर सर, मी व्यवस्थापन शिकवते, त्यामुळं माझ्याकडून पुस्तकी येणार हे गृहीत धरा. पण तुमच्या पहिल्या प्रश्नावर अभ्यासकांतही भांडण आहे, ते तुमच्या कामाचं आहे.

एक बाजू हर्सी आणि ब्लँचर्ड यांची, १९६९ पासूनची. त्यांचं म्हणणं, वरच्यानं समोरच्या माणसाची तयारी पाहून रीत बदलावी. नवखा असेल तर स्पष्ट सांगा काय करायचं, हळूहळू समजावत जा, मग सहभागी करा, आणि तयार झाला की सोपवून मोकळे व्हा. शैली बदलता येते हे यात धरूनच चाललेलं आहे.

दुसरी बाजू फिडलरची. त्यांच्या मते माणसाची मूळ प्रवृत्ती सहसा बदलत नाही. कोणी कामाकडं बघून चालतो, कोणी माणसांकडं बघून. म्हणून माणूस बदलण्याच्या भानगडीत पडू नका, त्या माणसाला साजेशी जागा द्या किंवा जागेची रचना बदला. परिस्थिती एकदम अनुकूल असेल किंवा एकदम बिकट असेल तर कडक, कामाकडं बघणारा माणूस बरा ठरतो. मधल्या, धड ना इकडे ना तिकडे अशा परिस्थितीत माणसं सांभाळणारा चालतो, असं त्यांच्या अभ्यासातून निघालं.

तुमचं वाचून मला फिडलर आठवले. एकच गिऱ्हाईक, ठरलेलं शेड्यूल, शब्दाला वजन: ही भाऊसाहेबांना अनुकूल परिस्थिती. ती आता मधल्या पट्ट्यात आली आहे.

आणि दार उघडं ठेवण्यावरून. १९३९ मध्ये कर्ट लेविन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत मुलांच्या छंद-मंडळांवर प्रयोग केला. हुकूमशाही पद्धतीच्या गटात काम भरपूर व्हायचं, पण मोठा माणूस खोलीबाहेर गेला की ते ढेपाळायचं. लोकशाही पद्धतीच्या गटात तो गेला तरी काम चालू राहायचं. भाऊसाहेब चार दिवस तिरुपतीला गेले की तुमच्याकडं काय होतं, एवढंच बघा.

---

जुना_टूलरूमवाला | रविवार, रात्री ११:०५

ताई, ती दहा-अकरा वर्षांची लेकरं होती ना? इथं तीस तीस वर्षं मशीनवर उभारलेली माणसं हायेत. मालक तिरुपतीला गेला तर आमच्याकडं काम थांबत नव्हतं, उलट जरा निवांत नीट व्हायचं. थांबायचं ते निर्णय. इन्सर्ट संपला, स्टोअरवाला म्हणायचा सही आणा. सही कुठून आणू? मग घासलेल्याच इन्सर्टवर अर्धी शिफ्ट ओढायची. बोअरला (पार्टच्या आतल्या भोकाला) फिनिश येत नाही, रिजेक्शन वाढतंय, आन सोमवारी मालक आल्यावर विचारणार, हे कामून झालं?

मी रिटायर झालो, आता बोलायला मोकळा हाय. माणूस वाईट नव्हता. पोरीच्या लग्नाला न मागता पैसे दिले. पण इन्सर्टच्या डबीची किल्ली सोडवत नव्हती.

---

के_सेक्टर | रविवार, रात्री ११:२०

काका, तुम्ही आमच्याच कंपनीतून रिटायर झालात की काय? :)

---

जुना_टूलरूमवाला | रविवार, रात्री ११:२४

वाळूजमधी अशा सत्तर कंपन्या निघतील बाबा.

---

फटका_दाळ_लातूर | सोमवार, सकाळी ७:१५

मी उलट बाजूनं बोलतो. सगळे मोकळ्या कारभाराच्या नादी लागलेत म्हणून.

आमची दाळमिल आहे, तुरीची. आमचा बाजार शेतात कमी आणि दिल्लीत जास्त ठरतो. ऑगस्ट २०१७ मध्ये तुरीच्या आयातीवर बंधन आलं, मे २०२१ मध्ये आयात मोकळी झाली. जून २०२३ मध्ये तूर-उडदावर साठ्याची मर्यादा लावली, सप्टेंबरात ती आणखी आवळली. त्याच वर्षाच्या शेवटी पिवळा वाटाणा बिनशुल्क यायला लागला, त्यानं हरभऱ्याच्या बेसनाचं गणित फिरवलं. ही परिपत्रकं संध्याकाळी निघतात. दुसऱ्या दिवशी मार्केट यार्डात सौदा निघायच्या आत ठरवायचं असतं की घ्यायचं, थांबायचं की हातचं विकून मोकळं व्हायचं.

तिथं मी काय टीम बसवू? वडील एकटे ठरवायचे, मीही एकटाच ठरवतो. चार जणांना विचारलं तर चार भाव सांगतील, आणि पाचवा बाहेर जाऊन अडत्याला सांगेल. रोकड माझी, बँकेची लिमिट माझ्या सहीवर, नुकसान झालं तर दारात बँकवाला माझ्याच येणार. बाजार जितका वेगानं उलटतो तितका निर्णय कमी हातांत असावा, असं माझं साफ मत आहे.

पण मिलच्या आत मी बोलत नाही. तुरीला तेल-पाणी किती लावायचं, किती वाळवायचं, सॉर्टेक्स (रंगावरून दाणा निवडणारं मशीन) कुठं लावायचं, हे आमचा मिस्त्री ठरवतो. मोझांबिकचा माल आणि आपल्या औश्याचा माल एकसारखा भरडत नाही. हातात दाणा घेऊन त्याला जे कळतं ते मला लॅपटॉपवर दिसत नाही. त्यानं सांगितलं आज मशीन बंद, तर बंद.

आता यात माझी शैली कोणती म्हणायची, ताई? हुकूमशाही की लोकशाही?

---

सिडको_एन५ | सोमवार, सकाळी ८:४०

दोन्ही, आणि एकाच दिवशी. वर्गात मला हे समजवायला तास जातो.

---

रांजणगावकर | सोमवार, दुपारी २:१०

आम्ही खालची माणसं. शेणपुंजीच्या रांजणगावात राहतो, कंत्राटावर हाय. मोठ्या लोकांची चर्चा वाचून एक सांगावं वाटलं.

आधीच्या एका कंपनीत असाच मोकळा कारभार आलता. भिंतीवर बोर्ड, सूचनापेटी, महिन्याला मीटिंग. साहेब म्हणाले, घाबरू नका, बोला. एका पोरानं सांगितलं, फिक्स्चर (मशीनवर पार्ट पकडणारं) ढिला हाय म्हणून माल खराब निघायलाय, ऑपरेटरची चूक नाही. बरोबर बोलला. पुढच्या महिन्यात त्याची शिफ्ट बदलली, त्याच्या पुढच्या महिन्यात कंत्राटदारानं त्याला दुसऱ्या कंपनीत टाकलं. कोणी काढलं नाही, सगळं नियमात. मग पेटीत काय पडायला लागलं माहितंय का? कँटीनच्या पोह्यात शेंगदाणे वाढवा.

आम्हाला कडक साहेब चालतो. सकाळी एक, संध्याकाळी एक असा साहेब चालत नाही.

---

जुना_टूलरूमवाला | सोमवार, दुपारी २:३१

+१. शेंगदाण्यावर हसलो, पण खरं हाय.

---

शेंद्रा_क्यूए | सोमवार, रात्री ९:०२

रांजणगावकर दादांनी जे लिहिलंय त्याची किंमत औषधांच्या धंद्यात थेट कागदावर दिसते. मी क्वालिटीत आहे, एक्स्पोर्टच्या गोळ्या.

आमच्याकडं वरवर पाहता लोकशाहीला जागा नाही. एसओपी (कामाची ठरलेली लेखी पद्धत) म्हणजे एसओपी. बॅच रेकॉर्डमधली ओळ कोणाला आवडो न आवडो, तशीच पाळायची. पण यूएसएफडीएचे (अमेरिकेच्या औषध नियंत्रकाचे) इन्स्पेक्टर येतात तेव्हा ते एसओपीपेक्षा एक गोष्ट खोदतात: डेटा खरा आहे का. ट्रायल इंजेक्शन (मशीनवर आधी गुपचूप चाचणी) मारून नावडता निकाल दडवला का, तारीख मागची टाकली का, कचऱ्यात फाडलेला कागद कसला. असं काही सापडलं की फॉर्म ४८३ (सापडलेल्या त्रुटींची यादी), आणि पुढं वॉर्निंग लेटर. एकदा ते आलं की त्या साइटची नवी मंजुरी अडकते.

आता माणूस डेटा कधी दडवतो? पगार कमी म्हणून नाही. 'बॅच फेल' हे शब्द साहेबांसमोर उच्चारायची भीती असते तेव्हा. म्हणजे पद्धत कडक हवीच, पण वाईट बातमी वर नेणाऱ्या माणसाला धक्का लागता कामा नये. आमच्या एका साहेबांचा स्वभाव तिखट होता, हसताना मी त्यांना पाहिलेलं नाही. पण डिव्हिएशन (ठरलेल्या पद्धतीत झालेली चूक) घेऊन गेलं की आधी विचारायचे, "कधी लक्षात आलं?" "कोणी केलं?" हे शेवटी. त्यांच्या काळात डिव्हिएशनची संख्या वाढली, आणि हेड ऑफिसला वाटलं आमची क्वालिटी घसरली! ते समजावता समजावता नाकी नऊ आले.

म्हणून शैली म्हणजे गोड बोलणं, हसणं, पाठीवर थाप असं जे ट्रेनिंगमध्ये शिकवतात त्यावर माझा फार विश्वास नाही.

---

बियाणे_जालना | सोमवार, रात्री १०:४८

उशिरा आलो धाग्यावर. लांब लिहितोय, सवड असेल तर वाचा.

माझी सगळी नोकरी बियाण्याच्या विक्रीत गेली. जालना म्हणजे बियाण्याचं गाव, बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको सुरू केली तेव्हापासून. त्यांना १९९८ मध्ये वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं, हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. मी दुसऱ्या एका कंपनीत होतो, ती इथं महत्त्वाची नाही.

२००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि पुढची काही वर्षं आमचा धंदा विक्रीचा नव्हताच, वाटपाचा होता. मृग निघाला की दुकानासमोर रांगा. वरून आकडा यायचा, परभणीला इतकी पाकिटं, बीडला इतकी. आम्ही फक्त डीलरचं भांडण सोडवायचं. अशा बाजारात वरच्यानं हुकूम दिला काय आणि नाही दिला काय, माल खपतोच. त्यामुळं वरच्यांना वाटायला लागतं की आपल्या हुकमामुळंच खपतोय. यश मिळालेल्या साहेबाला बदलणं अवघड जातं ते इथं.

मग दोन गोष्टी झाल्या. एक, कपाशीच्या बियाण्याची किंमत सरकार ठरवायला लागलं. २०१६ पासून तर केंद्रच दर वर्षी जाहीर करतं. दुसरी जास्त खोल होती. मराठवाड्यातला शेतकरी कापसाकडून सोयाबीनकडं सरकला. कापूस वेचायला माणूस मिळेना, बोंडअळी परत आली, सोयाबीन लवकर निघतं आणि रबीला रान मोकळं होतं. आता बघा, कपाशीचं बियाणं हायब्रिड, दर वर्षी नवं घ्यावं लागतं. सोयाबीनचं तसं नाही. घरचं बियाणं शेतकरी गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण बघतो आणि सत्तरच्या वर कोंब आले की पेरतो. म्हणजे तुमचा स्पर्धक आता दुसरी कंपनी नाही, शेतकऱ्याच्या घरातली कणगी आहे. तिच्याविरुद्ध कसली स्कीम लावणार?

आणि बियाण्यात आणखी एक अडचण. पुढच्या जूनला जे विकायचं ते या वर्षीच शेतात घ्यावं लागतं, उत्पादकांशी करार करून. आकडा चुकला तर जुलैत डीलरकडून माल परत येतो आणि गोदाम भरतं. त्यामुळं गावात काय चाललंय ते दिवाळीलाच कळायला हवं.

ते कोणाला कळत होतं? आमच्या फील्डवरच्या पोरांना. मोटारसायकलवर मंठा, सेलू, जिंतूर फिरणारी. चहाच्या टपरीवर शेतकरी सांगायचा, औंदा कापूस निम्मा मोडणार. पण तो पोरगा हे झोनल मॅनेजरला सांगायचा नाही, कारण सांगितलं की उत्तर ठरलेलं: टार्गेट झेपत नाही म्हणून रडतोस का? झोनल वर सांगायचा नाही, कारण त्याला इन्क्रिमेंट हवं. एमडीपर्यंत पोचेपर्यंत बातमी गोड झालेली असायची.

आमचे एमडी तापट होते, शेवटपर्यंत तापटच राहिले. सिडको ताई म्हणतात ते फिडलर बरोबर असावेत. पण त्यांनी एक गोष्ट केली. दसरा-दिवाळीच्या मधे ते फील्डच्या पोरांना आणि थोड्या डीलरना थेट बोलवायला लागले, झोनलना बाहेर ठेवून. आणि त्या बैठकीत ते स्वतः सगळ्यांच्या शेवटी बोलायचे. मधे फक्त तालुका विचारायचे. पोरं आधी बुजली. मग एका डीलरनं तोंड उघडलं, की तुमचं अमुक वाण माझ्या दुकानात धूळ खातंय. सगळ्यांचे डोळे साहेबांकडं. साहेबांनी वहीत लिहून घेतलं. त्यानंतर पोरं बोलायला लागली. उत्पादनाचा आकडा शेवटी एमडीच ठरवायचे, एकटे, आणि त्यावर कोणी हूं की चूं करायचं नाही.

तेव्हा के_सेक्टर, कडक की मोकळा हा तुमचा प्रश्नच मला थोडा बाजूला ठेवावासा वाटतो. बाजाराची बातमी तुमच्या कंपनीत सगळ्यात आधी कोणाच्या कानावर येते? पूर्वी ती भाऊसाहेबांच्या कानावर यायची, म्हणून त्यांचा एकहाती कारभार चालला. दाळमिलवाल्या भाऊंकडं परिपत्रक त्यांच्याच फोनवर येतं, म्हणून त्यांचा चालतो. आणि दाण्याची बातमी मिस्त्रीला आधी कळते, म्हणून तिथं मिस्त्रीचा चालतो. आता तुमच्याकडं ईव्हीवाल्यांच्या डिझाइनची बातमी कोणाला कळते? मला वाटतं तुमच्या डेव्हलपमेंटच्या एखाद्या इंजिनिअरला, जो त्यांच्या पोरांशी व्हॉट्सॲपवर ड्रॉइंगवरून भांडतो. तो भाऊसाहेबांसमोर बोलू शकतो का?

---

फटका_दाळ_लातूर | सोमवार, रात्री ११:१०

काका, मान गये. परिपत्रकाचं मी लिहिलं, पण त्यामागचं कारण तुम्ही सांगितलं.

---

भोकरदन_नाका | मंगळवार, सकाळी ९:३०

हे सगळं ठीक. पण बाप आणि पोरगा यांच्यात बातमी कोणाला आधी कळते हा मुद्दाच नसतो. मुद्दा असतो गल्ल्याचा.

---

सिडको_एन५ | मंगळवार, सकाळी १०:१५

बाप-लेकाचं निघालंच आहे तर वाळूजच्या सगळ्यात मोठ्या शेजाऱ्याकडंच बघू. २००९ मध्ये बजाज ऑटोनं स्कूटर बंद करून सगळं लक्ष मोटारसायकलवर द्यायचं ठरवलं. निर्णय राजीव बजाज यांचा. ज्या चेतकसाठी एकेकाळी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे, ती परंपराच संपवायची. राहुल बजाज तेव्हा चेअरमन होते आणि आपल्याला वाईट वाटलं हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं. पण निर्णय फिरवला नाही. पुढं जानेवारी २०२० मध्ये चेतक आली, ती विजेवर.

स्कूटर सोडणं बरोबर होतं की नाही यावर अजून वाद होतो, कारण नंतर देशात गिअरलेस स्कूटरचा बाजार खूप वाढला. माझा मुद्दा तो नाही. ज्येष्ठ माणसानं मतभेद उघड सांगितला आणि तरी खुर्चीवरच्याचा निर्णय निर्णय म्हणून राहू दिला. आपल्याकडच्या घरगुती कंपन्यांत नेमकं उलटं होतं. तोंडावर "तू बघ आता" म्हणायचं आणि मागून स्टोअरवाल्याला फोन करायचा.

---

रांजणगावकर | मंगळवार, दुपारी १:४५

बिडकीनला टोयोटा येणार म्हणतेत. त्यांच्याकडं म्हणं साधा कामगार पण दोरी ओढून लाइन थांबवू शकतो. खरं का?

---

शेंद्रा_क्यूए | मंगळवार, दुपारी २:२०

दादा, अँडॉन म्हणतात त्याला. खरं आहे. दोष दिसला की कामगारानं इशारा द्यायचा, टीम लीडर धावत येतो, ठराविक वेळात सुटलं नाही तर लाइन थांबते. बिडकीनचा करार जुलै २०२४ मध्ये झालाय. पण दोरी आहे म्हणून सगळं गोडीगुलाबीचं असतं असं नाही, त्याच कंपनीच्या कर्नाटकातल्या बिडदी कारखान्यात नोव्हेंबर २०२० मध्ये कामाच्या ताणावरून संप आणि टाळेबंदी झाली होती. दोरी ओढल्यावर धावत येणारा माणूस चिडून येतो की विचारायला येतो, तिथं सगळी मेख आहे.

---

के_सेक्टर | बुधवार, रात्री १०:०५

सगळ्यांचे आभार. बियाणे काकांचा प्रश्न घेऊन मी दोन दिवस कंपनीत हिंडलो. जे दिसलं ते लिहितो.

पैसा, बँक आणि जुन्या गिऱ्हाईकाचे दर: ही बातमी अजूनही भाऊसाहेबांनाच आधी कळते. तिथं कोणी हात घालू नये, धाकट्या साहेबांनीही. सबसिडी कापली तेव्हा एका ईव्ही गिऱ्हाईकाचं पेमेंट लांबलं, ते भाऊसाहेबांनी दोन फोनवर सोडवलं. आमच्या कुठल्या टीमला ते जमलं नसतं.

नवे पार्ट: काकांचा अंदाज तंतोतंत. मोटर हाउसिंग आणि बॅटरीच्या ब्रॅकेटचं ड्रॉइंग महिन्यात तीनदा बदलतं, आणि ते आमच्या डेव्हलपमेंटमधल्या एका मुलीला आधी कळतं. गंगापूरची आहे, डिप्लोमा. तिला सॅम्पलसाठी अ‍ॅल्युमिनियमचा एक ठोकळा हवा असेल तर खरेदीची सही वर जाते आणि आठवडा जातो. तोवर गिऱ्हाईक चाकणच्या कोणाकडून सॅम्पल घेऊन मोकळं.

शॉप फ्लोअर: टूलरूमवाले काका, इन्सर्टची डबी. अजून तशीच.

आज भाऊसाहेबांकडं बसलो, धाकटे साहेब सोबत. शैली वगैरे शब्द काढलाच नाही. एवढंच म्हणालो की सॅम्पलला उशीर होतोय आणि दोन चौकशा हातच्या गेल्या. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, इन्सर्ट आणि रजा शिफ्ट इनचार्जकडं द्या, पण खर्चाला कुलूप हवं. सॅम्पलच्या खरेदीला मात्र तयार नाहीत. म्हणाले, पोरांना मटेरियल ग्रेड कळत नाही, गिऱ्हाईकाला भलतंच देऊन बसतील. धाकटे साहेब उठून गेले.

---

फटका_दाळ_लातूर | बुधवार, रात्री १०:३०

ग्रेडचा मुद्दा खोटा नाही हं. अ‍ॅल्युमिनियमचं सॅम्पल चुकीच्या ग्रेडमध्ये गेलं आणि गिऱ्हाईकानं टेस्टला लावलं तर नाव जातं. टेस्ट सर्टिफिकेट असल्याशिवाय सॅम्पल बाहेर जाणार नाही, एवढी अट घाला आणि सही त्या मुलीकडं द्या. म्हाताऱ्याची भीती खरी असेल तर ती अटीत बांधायची, त्याला जुन्या वळणाचा म्हणून उडवून लावायचं नाही.

---

बियाणे_जालना | बुधवार, रात्री १०:५२

धाकट्या साहेबांना सांगा, उठून जाऊ नका. आणि त्या मुलीला पुढच्या बैठकीत न्या. तुम्ही तिच्या वतीनं बोलू नका, तिलाच बोलू द्या. भाऊसाहेब मटेरियल ग्रेड विचारतील. तिला येत असेल तर काम झालं. येत नसेल तर भाऊसाहेब बरोबर आहेत.

---

भोकरदन_नाका | बुधवार, रात्री १०:५८

आणि आधी तिला सांगून ठेवा. अचानक नेलं तर ती बिचारी घामाघूम होईल.

---

जुना_टूलरूमवाला | बुधवार, रात्री ११:१५

इन्सर्टच्या कुलपाचं मी सांगतो. महिन्याचा रुपयांचा आकडा बांधू नका. आकडा बांधला की वीस तारखेलाच संपतो आन शेवटचे दहा दिवस घासलेल्या टूलवर माल निघतो. पार्टमागं टूल खर्च किती, ते बघायचं. इन्सर्टच्या एका कडेवर किती नग निघायला पाहिजेत ते मशीनवर लिहून लावायचं. त्याच्या आत टूल गेलं तर ऑपरेटरनं कारण सांगायचं: कास्टिंग कडक होतं, कूलंट कमी होतं, का धडकलं. जास्त निघाले तर शाबासकी. मालकाला रोज एकच कागद दाखवा. त्याला किल्ली सोडल्यासारखं वाटणार नाही, आन पोराला मागायला जावं लागणार नाही.

---

के_सेक्टर | बुधवार, रात्री ११:२२

काका, हे फार कामाचं. शुक्रवारी परत बसायचंय, त्या मुलीलाही नेतोय. पार्टमागं टूल खर्चाचा तक्ता तुमच्याकडं असेल तर टाकाल का? साधा चालेल.

---

जुना_टूलरूमवाला | बुधवार, रात्री ११:२९

एक्सेल मला येत नाही. वहीचा फोटो काढून टाकतो सकाळी, नातू उठला की. कास्ट आयर्नचा आन अ‍ॅल्युमिनियमचा वेगळा हाय, दोन्ही बघा.